डॉटनेट घेतलं म्हणजे विंडोज आलंच?

हिशेबाचं किंवा गोदामाचं सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरलं की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "जावा फुकट आहे. डॉटनेट घेतलं तर विंडोज सर्व्हरचं लायसन्स गळ्यात पडेल." जावा आणि मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट, ही दोन्ही सॉफ्टवेअर लिहिण्या-चालवण्याची व्यासपीठं.

एके काळी हे बरंचसं खरं होतं. २००२ साली आलेलं डॉटनेट फ्रेमवर्क विंडोजलाच बांधलेलं होतं. लिनक्सवर जायचं तर मोनोचा, म्हणजे डॉटनेटच्या मुक्त पर्यायी आवृत्तीचा, आडमार्ग धरावा लागे. पण जून २०१६ मध्ये डॉटनेट कोअर १.० आलं, तेच मुळी लिनक्स आणि मॅकवरही चालणारं. एमआयटी लायसन्सचं, म्हणजे वापरायला पैसे नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये 'डॉटनेट ५' आलं, तेव्हा नावातलं 'कोअर'ही गळालं. लिनक्स सर्व्हरवर डॉटनेटचं वेब ॲप आणि मागे पोस्टग्रेएसक्यूएल हा फुकट डेटाबेस, ही मांडणी आता नवलाची राहिलेली नाही.

मग समज टिकला कसा? जुन्या कोडमुळे. वेब फॉर्म्स, म्हणजे वेबपानं बनवायचं जुनं साधन, नव्या डॉटनेटमध्ये आलंच नाही. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ ही डेस्कटॉप प्रोग्रॅमची साधनं आली, पण चालतात विंडोजवरच. त्यामुळे सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला "डॉटनेट का?" विचारण्यापेक्षा "कुठलं डॉटनेट?" हे विचारा. उत्तर '४.८', म्हणजे जुनं फ्रेमवर्क, असं आलं, तर विंडोजचा खर्च धराच.

आणि जावा फुकट? ओपनजेडीके, म्हणजे जावाची मुक्त आवृत्ती, फुकट आहे. जावाची मालक कंपनी ओरॅकलचं जावा सबस्क्रिप्शन मात्र जानेवारी २०२३ पासून कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर मोजलं जातं. जावाचं नावही न ऐकलेला शिपाई त्यात आला.