सावलीतली बेरीज

छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला की फासळ्या, हृदय, फुप्फुसं सगळं एकाच पातळीवर दिसतं. शरीरात ते एकामागे एक असतं, पण फिल्मवर पुढची फासळी मागच्या फासळीला छेदून जाते. कारण एक्स-रे ही सावली आहे, आणि सावलीला खोली नसते.

ही सावली पाडणारे किरण एका निर्वात नळीत तयार होतात. तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाखाली टंगस्टनवर आदळतात. त्यांची सुमारे ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, क्ष-किरण मिळतात ते उरलेल्या एका टक्क्यातून. म्हणून बहुतेक यंत्रांत टंगस्टनची तबकडी गरागरा फिरत असते. एकाच जागी मारा झाला तर ती वितळेल.

शरीरातून जाताना काही किरण अडतात, काही पार होतात. पदार्थ जितका दाट आणि त्यातले अणू जितके जड, तितके जास्त किरण अडतात. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, तर मऊ भागांतल्या कार्बनचा ६ आणि ऑक्सिजनचा ८. हाड पांढरं दिसतं ते यामुळेच: तिथे फिल्मपर्यंत फारसे किरण पोचलेले नसतात. आतडं किंवा रक्तवाहिन्या पाहायच्या असतील तर ५६ अणुक्रमांकाचं बेरियम पाजतात किंवा ५३ अणुक्रमांकाचं आयोडीन असलेलं औषध टोचतात.

भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटजेन यांना जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. त्यांनी पेटंट घेतलं नाही, आणि काही महिन्यांतच डॉक्टर मोडलेली हाडं या किरणांनी बघू लागले. ही शोधाइतकीच मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं.

मेंदू मात्र पुढची पाऊणशे वर्षं हाती लागला नाही. भोवती कवटीचं जाड हाड, आत एकमेकांशी जवळपास सारखे मऊ भाग. प्रत्येक किरण वाटेत भेटलेल्या सगळ्यांची मिळून एकच बेरीज सांगतो, आणि त्या बेरजेत कवटीच भारी पडते. बेरीज ७ आहे एवढंच कळलं, तर ती ४ आणि ३ ची की ५ आणि २ ची, हे कसं ओळखायचं?

वेगवेगळ्या बाजूंनी बेरजा करून. दोन बाय दोनचा चौकोन घ्या. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ३. डाव्या उभ्या रांगेची ६, उजवीची ४. एवढ्यावर आकडे ठरत नाहीत, अनेक उत्तरं निघतात. पण वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी बेरीज ५ आहे असं कळलं, की एकच उत्तर उरतं: वर ४, ३ आणि खाली २, १. एक कोन वाढला आणि कोडं सुटलं. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून आतलं चित्र काढणाऱ्या सीटी स्कॅनचं मर्म एवढंच आहे.

या प्रश्नाचं गणित भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३ आणि १९६४ साली मांडलं होतं. इंग्लंडमध्ये अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र उभं केलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १८० कोन, प्रत्येक कोनातून १६० मोजमापं, म्हणजे २८,८०० बेरजा. त्यातून ८० बाय ८० चौकटींचं चित्र काढायला संगणकाला अडीच तास लागत. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. आज नळी आणि समोरचे संवेदक सेकंदाहून कमी वेळात रुग्णाभोवती एक फेरी मारतात, टेबल सरकत राहतं आणि एका श्वासात सगळी छाती टिपली जाते.

इतक्या कोनांतून मारा म्हणजे किरणांची मात्राही जास्त. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा जास्तीत जास्त ०.१ मिलिसिव्हर्टच्या (हे मात्रा मोजायचं एकक) आसपास असते, तर पोटाच्या सीटीची आठ-दहा. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. गरज असेल तेव्हा सीटीला घाबरू नये, पण ‘एकदा काढून टाकू’ असा हट्टही धरू नये. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगावं, आणि जुने स्कॅन सोबत न्यावेत.

सीटीच्या चित्रातली प्रत्येक चौकट हा खरं तर एक आकडा असतो, तिथे किरण किती अडतात ते सांगणारा. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, घट्ट हाड हजाराच्याही वर. मेंदू साधारण २० ते ४०, नुकतंच साकळलेलं रक्त ५० ते ७०. ही सगळी पट्टी एकदम करड्या छटांत मांडली तर मेंदू आणि रक्त डोळ्यांना सारखंच दिसेल. म्हणून रेडिओलॉजिस्ट त्यातला छोटासा टप्पा निवडून त्यालाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणतात.

पक्षाघाताच्या रुग्णाला आणल्याबरोबर सीटी करतात ते या फरकासाठी. लक्षणं सारखीच, पण कारण रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी असू शकतं किंवा मेंदूतला रक्तस्राव. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात दिलं तर जिवावर बेतेल. रक्तस्राव असला तर तो करड्या मेंदूत पांढरा डाग होऊन उठून दिसतो. तो नाही हे पाहिल्यावरच त्या औषधाचा विचार होतो.