कोळसा खाणकामगारांचे आरोग्यरक्षण

कोळसा खाणीत काम करणाऱ्यांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे धूळजन्य रोग, अपघात आणि निकृष्ट वस्तीमुळे जडणारे आजार यांपासून रक्षण करण्याची व्यवस्था. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः फुप्फुसांच्या धूळविकाराचा (न्यूमोकोनिओसिसचा) विचार केला आहे.

रोगकारणाचा वाद : खाणकामगारांच्या दम्याचे उल्लेख जुने आहेत. कोळशाने काळ्या पडलेल्या फुप्फुसाचे पहिले शवविच्छेदनाधारित वर्णन मात्र सामान्यतः एडिंबरोचे वैद्य जेम्स क्रॉफर्ड ग्रेगरी यांचे (१८३१) मानतात. हा विकार कोळशाच्या धुळीने होतो की तिच्यात मिसळलेल्या सिलिकेने (खडकातील वाळूसारख्या खनिजाने), यावर पुढे शतकभर एकमत नव्हते. जे. एस. हॉल्डेन यांच्यासारख्या मान्यवर शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कोळशाची धूळ जवळजवळ निरुपद्रवी ठरवली होती. या मताचा फटका थेट कामगारांना बसला : ब्रिटनमध्ये भरपाईसाठी सिलिकायुक्त खडकात काम केल्याचे दाखवावे लागे आणि निव्वळ कोळसा तोडणारा त्यातून वगळला जाई. कार्डिफ बंदरात जहाजांच्या तळाशी उतरून फावड्याने कोळसा पसरवणाऱ्या मजुरांचा खडकाशी संबंधच येत नसे. तरीही त्यांच्या छातीत तसाच विकार कॉलिस व गिलख्रिस्ट यांना आढळला (१९२८). साउथ वेल्समधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनंतर १९४३ मध्ये कोळसा कामगारांचा धूळविकार भरपाईस पात्र ठरला. हॉल्डेन यांचे मत आज टिकत नाही. सिलिकेचा प्रश्न मात्र निकालात निघालेला नाही : अमेरिकेच्या ॲपलेशियन भागात कोळशाचे पातळ थर यंत्राने कापताना खडकही भरडला जातो व रोगाची तीव्र रूपे पुन्हा वाढली आहेत. तेथील तीन दवाखान्यांत २०१३–१७ या काळात अशा तीव्र रूपाचे, म्हणजे फुप्फुसात मोठ्या तंतुमय गाठी झालेले ४१६ रुग्ण नोंदले गेले.

सुमारे ५ मायक्रोमीटरहून बारीक कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. भक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांचा पूर्ण निचरा करू शकत नाहीत. आधी काळे ठिपके आणि पुढे काहींमध्ये तंतुमय गाठी तयार होतात. झालेली हानी भरून निघत नाही. खाण सोडल्यावरही रोग वाढू शकतो. म्हणूनच धूळ उठू न देणे हाच खरा उपाय होय : ओले वेधन (पाणी सोडत छिद्रे पाडणे), कापणीच्या जागी पाण्याचे फवारे, पुरेसे वायुवीजन. तोंडावरचा मुखवटा हा दुय्यम उपाय आहे. केवळ त्यावर भिस्त ठेवणे कामगारावर अन्याय करणारे आहे.

भारतातील तरतुदी : खाण अधिनियम १९५२ खाली हा विकार अधिसूचित (खबर देणे बंधनकारक असलेला) ठरला. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत (त्यांची जागा २०१७ मध्ये नव्या विनियमांनी घेतली) पुढे घातलेली मर्यादा अशी होती : धुळीत मुक्त सिलिका ५ टक्क्यांहून कमी असल्यास घनमीटरला ३ मिलिग्रॅम, अधिक असल्यास १५ ला सिलिकेच्या टक्केवारीने भागून येणारा आकडा. म्हणजे सिलिका १० टक्के असेल, तर १.५ मिलिग्रॅम. अंमलबजावणी धनबाद येथील खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे असते. ठरावीक मुदतीने क्ष-किरण तपासणी बंधनकारक आहे, तथापि क्षयाच्या छायेशी या विकाराची गल्लत होऊ शकते.

कुटुंबीय : इंग्लंड-वेल्समध्ये कोळशाने माखलेला कामगार घरीच अंघोळ करी. पाण्याचे जड हंडे उचलणे स्त्रियांच्या वाट्याला येई व भाजण्याचे प्रकार घडत. खाणीवरच स्नानगृहे असावीत, ही मागणी वेल्समधील मजूर पक्षाच्या कार्यकर्त्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी १९१९ मध्ये ब्रिटिश कोळसा उद्योगाची चौकशी करणाऱ्या सँकी आयोगापुढे मांडली. भारतात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, धनबाद भागातील खाणीत स्वतः उतरले होते. पुढच्याच वर्षी वटहुकमाने कामगार कल्याण निधी उभा राहिला. १९४७ मध्ये त्याचा अधिनियम झाला. धनबाद व आसनसोल येथील मध्यवर्ती रुग्णालये या निधीतून झाली.

महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांतील खाणी बहुतांशी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे (वेकोलि) आहेत. नागपूरची राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था २०१९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेत विलीन झाली.