टेन रागाज टू अ डिस्को बीट

सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट हा चरणजीत सिंग यांचा 1982 सालचा इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताचा अल्बम. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या बोलीत एचएमव्हीने, काढलेली एलपी. नावात जे आहे तेच आत आहे, दहा राग, प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं, खाली डिस्कोचा ठेका, तबला नाही, सतार नाही, वाजवणारा माणूस एक आणि मशीन तीन. आला तेव्हा विकला गेला नाही आणि लोक विसरूनही गेले. मग वीस वर्षांनी दिल्लीतल्या एका दुकानात एका डच माणसाच्या हाती लागला आणि 2010 मध्ये परत छापल्यावर जगभर बोंबाबोंब झाली की अ‍ॅसिड हाऊस नावाचा इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचा जो प्रकार शिकागोत 1987 च्या आसपास सुरू झाला असं सगळे मानतात, तो मुंबईत पाच वर्षं आधीच वाजून गेलेला आहे. हे कितपत खरं ते पुढे बघू, पण आज या अल्बमला "टर्निंग पॉइंट" म्हणतात तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी की या वळणावर त्या वेळी वळलेला माणूस एकच होता.

चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक. साठ आणि सत्तरच्या दशकात मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये जी वादकांची मोठी फौज होती त्यातले एक, बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड, जे लागेल ते वाजवणारे. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आर. डी. बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. या वादकांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर सहसा नसायची, गाणं घराघरांत पोचलेलं पण त्यातला बेसचा तुकडा कुणाचा हे विचारलं तर कुणालाच सांगता यायचं नाही. बाजूला त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, लग्नाच्या पार्ट्यांत वगैरे वाजवायचे, आणि त्यांच्या नावावर फिल्मी गाण्यांच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डीही होत्या. तो त्या काळी चांगला चालणारा धंदा होता, गाजलेली चाल घ्या आणि शब्दांशिवाय वाजवा. म्हणजे 1982 पर्यंत त्यांच्या नावावर जे काही होतं ते दुसऱ्यांच्या चालींवर उभं होतं. शैलीतलं वळण म्हणायचं तर पहिलं वळण हे, की या माणसाने एकदा सिनेमाची चाल खाली ठेवली.

सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, भारतात 1982 मध्ये नवा नव्हता, हे सांगायला पाहिजे कारण इंटरनेटवर असं चित्र रंगवतात की जणू कुणी आकाशातून पडलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्येच मूग नावाचा सिंथेसायझर बसवला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर तिथे येऊन स्टुडिओ उभा करून गेले होते आणि संस्थेतल्या लोकांनी त्यावर पुढची काही वर्षं प्रयोगही केले. आनंद शंकर यांनी 1970 च्या त्यांच्या रेकॉर्डवर सतारीबरोबर मूग वापरला. मुंबईत केरसी लॉर्ड सिनेमाच्या गाण्यांत सिंथेसायझर वाजवत होते. बंगळुरात 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोराही तयार झाला. पण हे सगळं एकतर प्रयोगशाळेत होतं किंवा दुसऱ्या वाद्यांच्या साथीला, आख्खी एलपी मशीनच्या जिवावर आणि तीसुद्धा रागांची, हे वेगळं.

आणि काळ डिस्कोचा होता. 1980 च्या कुर्बानी मधलं नाझिया हसनचं गाणं, संगीत बिद्दू यांचं, त्याने देश वेडा केला, 1981 मध्ये तिचा डिस्को दीवाने अल्बम आला, 1982 च्या शेवटी मिथुनचा डिस्को डान्सर. पुढे एका ब्रिटिश वर्तमानपत्राशी बोलताना चरणजीत सिंग यांनी सांगितलं त्याचा मतलब इतकाच, की तेव्हा सिनेमात डिस्कोच डिस्को चालू होतं, म्हटलं त्यातच काहीतरी वेगळं करावं, राग वाजवावे, खाली डिस्को बीट द्यावा आणि तबला बंद करावा. कुठलाही जाहीरनामा नाही, क्रांतीची भाषा नाही. धंद्यातला माणूस धंद्याची चलती बघून बोलतोय, आणि मला तरी या अल्बमची ही गोष्ट सगळ्यात आवडते.

आता ती तीन मशीनं. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. टीआर-808 हे ड्रम मशीन, ज्युपिटर-8 हा आठ स्वर एका वेळी वाजवू शकणारा मोठा सिंथेसायझर, आणि टीबी-303 ही बेसचा आवाज काढणारी चपटी चंदेरी पेटी, जी त्यांनी सिंगापूरहून आणली होती. 808 आणि 303 एकमेकांना केबलने जोडता येतात म्हणजे दोघं एका लयीत चालतात, त्यामुळे ठेका आणि बेस मशीनकडे सोपवून माणसाचे दोन्ही हात मुख्य चालीसाठी मोकळे राहतात. एकट्या माणसाने अख्खा वाद्यवृंद चालवायची सोय झाली.

303 बद्दल थोडं जास्त सांगतो कारण सगळा वाद तिच्यावरूनच आहे. तादाओ किकुमोतो यांनी ती डिझाइन केली, गिटार वाजवणाऱ्याला घरी सरावाला किंवा छोट्या कार्यक्रमाला बेस वाजवणारा मिळाला नाही तर ही वाजेल अशी कल्पना. पण बेस गिटारसारखी ती अजिबात वाजत नाही, शिवाय स्वर भरायची पद्धत एवढी किचकट की लोक वैतागले. साधारण दहा हजार नग बनवून 1984 मध्ये कंपनीने ती बंद केली आणि मग जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळायला लागली. तिच्यात सोळा घरांची एक ओळ भरायची, ती फिरत राहते. प्रत्येक घरात स्वर, हवा तर जोर, हवी तर स्लाइड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. वर काही बटणं आहेत, ती फिरवली की त्याच ओळीचा आवाज बुळबुळीत, टोकदार, किंचाळणारा होत जातो. शिकागोतल्या फ्यूचर नावाच्या तिघांनी सेकंडहँड 303 घेऊन ही बटणं पिळली आणि त्यातून 1987 ची अ‍ॅसिड ट्रॅक्स ही रेकॉर्ड आली, तिच्यावरून अ‍ॅसिड हाऊस हे नाव रूढ झालं.

चरणजीत सिंग यांनी 303 कशासाठी वापरली? तर स्वर धरून ठेवायला. नीट ऐकलं तर खालची ओळ रागाच्या दोन-चार स्वरांवरच फिरत बसते, षड्ज सोडून लांब जात नाही, कारण रागात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बदलायची सोयच नाही. पाश्चात्त्य डिस्कोत बेस कॉर्डमागून पळतो, इथे तो जागच्या जागी फिरतो. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, किंवा सारंगीवर लेहरा धरतात ना, एकच ओळ तासभर, तसंच काहीसं, फक्त इथे लेहरा मशीन धरतंय आणि त्यावर तबल्याऐवजी राग उलगडतोय. आणि अ‍ॅसिड हाऊसही नेमकं असंच आहे, एक ओळ, कॉर्ड नाहीत, बदल होतो तो आवाजाच्या पोतात. म्हणून दोन्ही एकमेकांसारखे वाजतात. शिकागोतल्या पोरांना राग माहीत असायचं कारण नाही आणि चरणजीत सिंग यांना शिकागो माहीत असायचं तर नाहीच, दोघांकडे मशीन एक आणि दोघांनाही कॉर्ड नको होत्या, एवढ्यावरच हे साम्य उभं आहे असं माझं मत.

रागांच्या बाजूने बघितलं तर अल्बम धाडसी आहे आणि थोडा बेफिकीरही. यादीत भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी आहेत. पहाटेचा ललत, रात्रीचा मालकंस, पावसातला मेघ मल्हार, सगळे एका पंगतीत बसवले, एकाच नाचायच्या ठेक्यावर. पाच मिनिटांत संथ लयीतलं विलंबित काय आणि रागाची सावकाश बढत काय. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, पडते, म्हणजे सगळ्याच मात्रा समेसारख्या, तालाच्या पहिल्या मात्रेसारख्या, आणि खाली, म्हणजे तालातली हलकी मात्रा, नाहीच, आणि खाली नसली की समेवर येण्यातली मजाही गेली. कीबोर्डवर बारा स्वर ठोकून बसवलेले असतात, तोडीच्या कोमल ऋषभ-गंधाराला जी बारीक जागा लागते ती पट्टीत मिळत नाही. ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे, याच कारणाने आकाशवाणीने 1940 पासून तब्बल तीस वर्षं हार्मोनियमला दार बंद केलं होतं, मग सिंथेसायझरचं काय घेऊन बसलात. पण हार्मोनियमला नाही ते सिंथेसायझरला आहे, स्वर वाकवता येतो, घसरवता येतो. चरणजीत सिंग मींड घेतात ती त्याच्यावरच आणि सिनेमाच्या वादकाचा हात असल्याने ती जागेवर बसते. भूप, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच-पाच स्वरांचे राग या पद्धतीत सगळ्यात छान लागलेत, स्वर कमी त्यामुळे फिरणाऱ्या ओळीशी भांडण कमी. ज्याला पहिल्यांदा ऐकायचंय त्याने मालकंसपासून सुरू करावं, ज्याचा कान किराणा घराण्याच्या गायकीवर पोसलाय त्याने तोडी शेवटी ठेवावी.

एचएमव्हीच्या दृष्टीने ही बहुतेक आणखी एक वाद्यसंगीताची एलपी होती. डिस्कोवाल्यांना गाणं पाहिजे होतं, शास्त्रीयवाल्यांना ही थट्टा वाटली असणार, मधे ग्राहकच नव्हता. याच्यामागून कुणी दुसरा अल्बम काढला नाही, कुठली शाळा तयार झाली नाही, खुद्द चरणजीत सिंग परत आपल्या लग्नांच्या कार्यक्रमांकडे गेले.

2002 मध्ये एडो बाउमन हा जुन्या हिंदी रेकॉर्डी गोळा करणारा डच संग्राहक दिल्लीत आला होता, त्याला ही एलपी मिळाली. नंतर त्याने मुंबईत चरणजीत सिंग यांना शोधून काढलं आणि 2010 मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा पहिली प्रतिक्रिया काय, तर हे खोटं आहे. एवढं आधी एवढं अ‍ॅसिड कसं असेल, नक्की कुणीतरी आत्ताच बनवून जुनं कव्हर चिकटवलंय, हा ब्रिटिश संगीतकार अ‍ॅफेक्स ट्विनचाच चावटपणा असणार, अशाही चर्चा रंगल्या. मुंबईतला एक वादक 1982 मध्ये हे करू शकतो यापेक्षा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या या ट्विनने त्याचं सोंग घेतलं असेल हे लोकांना जास्त पटत होतं, यावर अधिक काय बोलणार.

मग उलटं टोक आलं, "अ‍ॅसिड हाऊसचा जनक भारतीय" असे मथळे, आणि आपल्याकडच्या लोकांनी ते अभिमानाने फॉरवर्ड केले. इथे जरा थांबायला हवं. जनक म्हणायला वंश लागतो, शिकागोत कुणी ही एलपी ऐकली होती असा काही पुरावा नाही. अ‍ॅसिड हाऊस हा क्लबमधून, काळ्या तरुणांच्या नाचाच्या जागांमधून आलेला प्रकार आहे, तो फक्त एका पेटीच्या आवाजाएवढा नाही. शिवाय 303 वापरणारे त्या काळात इतरही होते, स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस या बँडचं रिप इट अप हे गाणं साधारण याच सुमाराचं. त्यांनी पेटी सांगितली तशी, बेससारखी वापरली. चरणजीत सिंग यांनी ती आख्ख्या रचनेचा कणा केली, हा फरक मात्र खराच आहे आणि तेवढा पुरेसा आहे, त्याला बापपण चिकटवायची गरज नाही.

स्वतः चरणजीत सिंग यांना अ‍ॅसिड हाऊस हा शब्दच उशिरा कळला. पुढची काही वर्षं ते सत्तरी ओलांडलेली असताना युरोपात जाऊन हे राग स्टेजवर वाजवत होते, समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं नाचत होती, आणि ज्या 303 ला कंपनीने अपयशी ठरवून बंद केलं होतं ती आता जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने जात होती. जुलै 2015 मध्ये मुंबईत ते वारले, वय 74.