कॉलेज हॉकीतला एक पॉइंट नेमका केवढ्याचा?

जॉनी गॉड्रो आणि जिमी व्हेसी, दोघेही १९९३ साली जन्मलेले आणि दोघेही होबी बेकर पुरस्काराचे मानकरी. अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज आइस हॉकीपटूला मिळणारा हा मान. गॉड्रोने २०१३-१४मध्ये बोस्टन कॉलेजकडून ४० सामन्यांत ८० पॉइंट केले, तर व्हेसीने २०१५-१६मध्ये हार्वर्डकडून ३३ सामन्यांत ४६. (गोल किंवा असिस्ट, म्हणजे गोलाआधीचा पास, प्रत्येकी एक पॉइंट.) मग दोघे एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, गेले. पहिल्या पूर्ण मोसमात गॉड्रोचे ८० सामन्यांत ६४ पॉइंट झाले, व्हेसीचे तितक्याच सामन्यांत २७. एकाने कॉलेजातल्या दर सामन्याच्या सरासरीतला ४० टक्के हिस्सा वर टिकवला, दुसऱ्याने जेमतेम २४ टक्के.

रणजीच्या प्लेट गटातले शतक आणि एलिट गटातले शतक एका तागडीत तोलू नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. अमेरिकी कॉलेज हॉकीत मात्र हे गट, म्हणजे कॉन्फरन्स, नावाने वेगळे, दर्जाने सरमिसळ, आणि वर दर काही वर्षांनी मोडून पुन्हा मांडलेले. त्यामुळे ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे क्लब आळीपाळीने नव्या खेळाडूंचे हक्क घेतात ती निवड) निवडलेला मुलगा पुढे सरकतोय की जागच्या जागी आहे, हे ठरवायची मोजपट्टीही पुन्हा पुन्हा बदलावी लागली.

एनएचएलचा पहिला ड्राफ्ट १९६३ साली माँट्रियलच्या एका हॉटेलात झाला आणि त्यात २१ मुले निवडली गेली. त्या काळी खेळाडू यायचे ते कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून. कॉलेजात जाणारा म्हणजे हॉकीतून बाजूला झालेला, असाच समज होता. रेड बेरेन्सन १९६२मध्ये मिशिगन विद्यापीठातून थेट माँट्रियल कॅनेडियन्सकडे गेला, हा अपवाद. केन ड्रायडनला बोस्टन ब्रुइन्सने १९६४ मध्ये निवडले, त्याचे हक्क माँट्रियलकडे गेले आणि तो कॉर्नेलमध्ये शिकायला गेला. तिथे गोलकीपर म्हणून त्याची नोंद ७६ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी. एवढ्या एकतर्फी आकड्याचे करायचे काय, हे सांगणारी पद्धत तेव्हा कुणाकडेच नव्हती. उत्तर १९७१च्या प्लेऑफमध्ये मिळाले: नवखा असूनही सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्याने नेला. कॉलेजात खेळत असताना निवडला गेलेला पहिला खेळाडू म्हणजे मिशिगन टेकचा अल कार्लँडर, १९६७ मध्ये.

खरा बदल १९८० मध्ये झाला. अठराव्या वर्षी निवड होऊ लागली आणि निवडलेला मुलगा पुढची दोन-तीन-चार वर्षे कॉलेजात घालवणार, हे चित्र नेहमीचे झाले. ब्रेट हल याला कॅल्गरीने १९८४ मध्ये ११७ व्या क्रमांकावर घेतले. १९८५-८६मध्ये मिनेसोटा-डुलुथकडून त्याने ४२ सामन्यांत ५२ गोल केले. म्हणजे हक्क क्लबकडे, प्रशिक्षण विद्यापीठाकडे. क्लबच्या हाती आकडे तेवढे यायचे, आणि त्यांना घड्याळ लागलेले असायचे. अनेक वर्षे नियम असा होता की चार वर्षे पूर्ण करून करार न केलेला खेळाडू १५ ऑगस्टनंतर मोकळा. व्हेसीला नॅशव्हिलने २०१२ मध्ये ६६ व्या क्रमांकावर घेतले होते. त्याने करार केला नाही आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. म्हणून दर वसंतात क्लबला ठरवावे लागते: आत्ता करार द्यायचा, की आणखी एक वर्ष थांबायचे?

मोजपट्टीची कल्पना बेसबॉलमधून आली. दुय्यम लीगमधल्या फलंदाजाचे आकडे मुख्य लीगच्या भाषेत कसे वाचायचे, याचे गणित बिल जेम्स यांनी १९८०च्या दशकात मांडले. हॉकीत गॅब्रिएल देजार्दाँ यांनी २००० नंतर तेच केले आणि त्याला ‘एनएचएल समतुल्य’ असे नाव पडले. कृती साधी. एका लीगमधून एनएचएलमध्ये गेलेले सगळे खेळाडू घ्यायचे, दोन्हीकडचे दर सामन्याचे पॉइंट काढायचे आणि भागाकार करायचा. आलेला गुणक त्या लीगचा. एखाद्या मुलाची सरासरी १.००, लीगचा गुणक ०.४० आणि मोसमाचे ८२ सामने धरले, तर उत्तर साधारण ३३ पॉइंट.

इथेच पाय घसरतो. गुणक ही सरासरी आहे, आणि ती फक्त वर पोचलेल्यांची. कमकुवत कॉन्फरन्समधून एनएचएलपर्यंत फार थोडे पोचतात आणि पोचतात ते असामान्य असतात. त्यांच्यावरून काढलेला गुणक बाकीच्यांना लावला की सगळेच चांगले दिसू लागतात. नंतरच्या पद्धतींनी यावर तोड काढली ती साखळीची: थेट एनएचएल न पाहता कॉलेज ते एएचएल (एनएचएलच्या लगेच खालची लीग), एएचएल ते एनएचएल, युरोप ते एएचएल अशा सगळ्या उड्या जोडायच्या. नमुना वाढतो, पण प्रत्येक कडीची चूकही पुढच्या कडीत जाते.

एकाच कॉन्फरन्समधला पसारा किती, ते पाहा. हॉकी ईस्टमधून जॅक आयकेल गेला तेव्हा त्याची सरासरी १.७८ होती (४० सामने, ७१ पॉइंट), एनएचएलमध्ये ०.६९ झाली, टिकले ३९ टक्के. मॅकलिन सेलेब्रिनी: ३८ सामन्यांत ६४, मग ७० सामन्यांत ६३, म्हणजे ५३ टक्के. विल स्मिथ: ४१ सामन्यांत ७१, मग ७४ सामन्यांत ४५, म्हणजे ३५ टक्के. गुणक एकच लावला असता तर स्मिथ सेलेब्रिनीच्या किंचित पुढे बसला असता. फरक दोन ठिकाणी होता. सेलेब्रिनी तो सगळा मोसम सतरा वर्षांचा होता. आणि स्मिथ ज्या फळीत खेळला तिच्यात रायन लेनर्ड आणि गेब पेरो होते, दोघांचे प्रत्येकी ६० पॉइंट. तिघे राष्ट्रीय विकास संघापासून एकत्र खेळत आले होते. अशा फळीतला असिस्ट कुणाच्या नावावर किती चढवायचा, हे गुणक सांगत नाही.

वयाचा मुद्दा म्हणूनच आधी सोडवावा लागतो. कॉलेजात पहिल्या वर्षाला अठरा वर्षांचाही असतो आणि ज्युनिअरमध्ये दोन वर्षे काढून आलेला विशीतलाही. ड्राफ्टची वयोमर्यादा १५ सप्टेंबरला मोजतात. त्यामुळे १४ सप्टेंबरला जन्मलेला आणि १६ला जन्मलेला यांच्यात दोन दिवसांचे अंतर असले तरी ड्राफ्टचे वर्ष वेगळे. तुलना करताना इयत्ता बघू नये, जन्मतारीख आणि ‘ड्राफ्टनंतरचे कितवे वर्ष’ हे दोन्ही लिहून ठेवावे. व्हेसी त्या मोसमात बावीस वर्षांचा होता, गॉड्रो त्याच्या ८० पॉइंटच्या वेळी वीस. अर्धे कोडे इथेच सुटते.

दुसरी गोची कॉन्फरन्सच्या नावांची. डब्ल्यूसीएचए १९५१ पासूनची, आणि अनेक दशके देशातल्या सर्वांत ताकदवान कॉन्फरन्समध्ये गणली गेलेली. २०१३ मध्ये बिग टेनने हॉकी सुरू केली आणि मिनेसोटा, विस्कॉन्सिन तिकडे गेले. डेन्व्हर, नॉर्थ डकोटा, मिनेसोटा-डुलुथ वगैरेंनी एनसीएचसी ही नवी कॉन्फरन्स काढली. डब्ल्यूसीएचएचे नाव तेच राहिले, दर्जा उरला नाही. सीसीएचए तर २०१३ मध्ये बंद पडली आणि २०२१ मध्ये काही जुन्या, काही नव्या संघांना घेऊन पुन्हा उभी राहिली. जुना गुणक नव्या पाटीला चिकटवणे ही अजूनही दिसणारी चूक. २०१६ ते २०२५ या काळात झालेल्या नऊ राष्ट्रीय स्पर्धांपैकी सात एनसीएचसीच्या संघांनी जिंकल्या. एकही पुनर्जीवित सीसीएचएने नाही.

त्यापेक्षा पाटीकडे न बघता प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजलेली बरी. क्रॅक नावाची क्रमवारी ते करते. तिच्यात संघ अचे गुण ३०० आणि संघ बचे १०० असतील, तर अ दर चारपैकी तीन सामने जिंकेल अशी अपेक्षा. कॉन्फरन्सा एकमेकींशी जोडल्या जातात त्या बाहेरच्या सामन्यांमुळे: साधारण ३४ सामन्यांपैकी २४ घरच्या कॉन्फरन्समध्ये, उरलेले दहाच पूल बांधतात. २०२०-२१ च्या कोविड मोसमात हे पूल जवळपास तुटले. आयव्ही लीगचे संघ खेळलेच नाहीत, ते ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतात त्या ईसीएसीत फक्त चार उरले, आणि राष्ट्रीय स्पर्धेची निवड नेहमीच्या सूत्राऐवजी समितीच्या विवेकावर झाली. त्या वर्षाची कॉन्फरन्स-तुलना बाजूला ठेवलेलीच बरी.

आयव्हीचे आणखी एक. हार्वर्ड, येल, कॉर्नेल यांचा मोसम उशिरा सुरू होतो आणि नियमित सामने २९ वर थांबतात. तेव्हा तुलना एकूण पॉइंटची नको, सरासरीची हवी.

मग निवडलेल्या मुलाचा कागद भरायचा कसा? आधी पॉइंट फोडायचे: पाच विरुद्ध पाच किती, पॉवर प्लेवर किती. (क्रिकेटमधला नव्हे, इथे प्रतिस्पर्ध्याचा माणूस दंड म्हणून बाहेर बसलेला असतो.) मग असिस्टमधले पहिले (गोलाच्या लगेच आधीचा पास) वेगळे काढायचे, त्याच्याही आधीच्या पासला मिळणाऱ्या दुसऱ्या असिस्टमध्ये योगायोगाचा वाटा मोठा. त्यानंतर सामने प्रतिस्पर्ध्याच्या क्रमवारीनुसार तीन गठ्ठ्यांत टाकायचे. तळाच्या गठ्ठ्यातच पॉइंट साचले असतील तर कान टवकारावेत, पण वरच्या गठ्ठ्यात सामने दहा-बाराच असतात, म्हणून तिथे पॉइंटऐवजी गोलवर मारलेले फटके बघावेत. ते लवकर स्थिरावतात.

बचावपटूंना हा सगळा हिशेब कमी लागू पडतो. केल मकार याला २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पहिल्या वर्षी ३४ सामन्यांत २१ पॉइंट, दुसऱ्या वर्षी ४१ सामन्यांत ४९. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून घाई करणारा फसला असता. प्रगती वाचायची ती अशी, वर्षागणिक. आणि गोलकीपरला गुणक लावूच नये. ड्रायडनच्या वेळी जी अडचण होती ती फारशी सुटलेली नाही.

२०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले. विश्लेषकाला ही पर्वणीच: तोच खेळाडू, दोन कॉन्फरन्स, लागोपाठची वर्षे. मात्र ताकदवान संघाकडे जाणारा बहुधा आधीच्या संघातला पहिल्या फळीचा असतो आणि नव्या ठिकाणी तिसऱ्या फळीत जाऊन बसतो. पॉइंट घटले ते कॉन्फरन्समुळे की बर्फावरचा वेळ घटल्यामुळे, हे वेगळे करावेच लागते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनिअर लीगमधल्या खेळाडूंना दार उघडले. नियम १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. ओंटारिओ लीगमध्ये ५७ सामन्यांत ९८ पॉइंट केलेला, २०२५ च्या ड्राफ्टमधला सहावा पोर्टर मार्टोन मिशिगन स्टेटला गेला. या वाटेने आलेली मुले कॉलेज हॉकीचा दर्जा उचलणार, म्हणजे २०२५ पूर्वीच्या मोसमांवरून काढलेले गुणक नव्या मोसमाला लावले तर आजच्या मुलांवर अन्याय होईल. उलट ज्युनिअर ते कॉलेज ही थेट उडी आता मोठ्या संख्येने मोजता येईल. मात्र आधी वय वजा करून घ्यावे लागेल: ज्युनिअरमध्ये वीस वर्षांचा खेळाडू वयाने सर्वांत मोठ्यांत गणला जातो, आणि कॉलेजात त्याच्यासमोर तेवीस-चोविशीचे बचावपटू उभे असतात.