पट्टी चांगल्याच डोळ्यावर का?

आमच्या भाचीला साडेचार वर्षांची असताना पट्टी सांगितली, तेव्हा तिच्या आजीचा पहिला प्रश्न, अहो खराब डोळा उजवा आहे ना मग डाव्यावर पट्टी कशाला? प्रश्न रास्तच आहे आणि याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना पटलं नाही तर पट्टी टिकत नाही, कारण पोरगी रडली की ती सगळ्यात आधी आजीच काढते.

तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्यापेक्षा बराच जास्त होता. तिरळेपणा नाही काही नाही, म्हणून कुणाला कळलंच नाही. त्या डोळ्याकडून मेंदूला कायम धूसर चित्र मिळतं, मग मेंदू स्पष्ट दिसणाऱ्या डोळ्याचंच ऐकायला लागतो आणि दुसऱ्याचं वायरिंग कच्चं राहून जातं. याला म्हणतात आळशी डोळा, 100 मुलांमागे साधारण 2-3 जणांना असतो. (डोळा बिचारा आळशी नसतोच, पण नाव पडलं ते पडलं.) हुबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला, नंतर उघडला तरी मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दाद देईनात, मोठ्या मांजरांत मात्र असं झालं नाही. 1981 च्या नोबेलमध्ये हे काम होतं. म्हणून घाई असते, साधारण 7 वर्षांच्या आत सगळ्यात जास्त फायदा, नंतरही होतो पण कमी.

आधी चष्मा देतात, काही मुलांचं तेवढ्यावरच भागतं. आमचं नाही भागलं, मग पट्टी. चांगला डोळा झाकला की मेंदूला दुसऱ्याचं ऐकावंच लागतं, म्हणून ती चांगल्याच डोळ्यावर.

पहिला आठवडा वाईट गेला. आम्हाला वाटलं हट्ट करतेय, पण चांगला डोळा झाकल्यावर तिला खरंच कमी दिसत होतं, भिंतीला धडकायची, मग रडणारच ना! चष्म्यावर कापडी खोळ लावून बघितली तर ती बाजूने बघायची, शेवटी कातडीलाच चिकटणारी पट्टी आणि वरून चष्मा. वेळ ठरवली सकाळच्या पोह्यांची, वरचे डाळिंबाचे दाणे एकेक वेचून खायचे, त्यात अर्धा तास निघतो. जवळचं बारीक कामच करायला हवं असं काही नाही हं, 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात जवळचं काम करणारी आणि लांबचं बघणारी मुलं सारखीच सुधारली, त्यामुळे गॅलरीतून गाड्या बघितल्या तरी चालतं. आळशी डोळ्याचा दोष मध्यम असेल तर रोज 2 तास पट्टी आणि 6 तास पट्टी यांत 4 महिन्यांनी फरक दिसला नाही, हे 2003 मध्येच कळलंय. पण तास डॉक्टरच ठरवणार, आपल्या मनाने वाढवले तर चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते, म्हणून तर तपासणीची तारीख चुकवायची नाही.

काढताना कडेने कोमट पाण्याचा बोळा फिरवायचा, खस्सकन ओढायची नाही. परवा इंदूरच्या छप्पन दुकानला कुणीतरी विचारलं, बेटा आँख में क्या हुआ, तर म्हणाली, इसकी छुट्टी है, दूसरी की ड्यूटी.