पुलावर पाऊल तोडण्याचा हुकूम : पार्श्वभूमी

ओढ्यावर माडाचे दोन सोट टाकून केलेल्या साकवावरून दोघे जण पुढेमागे एकाच लयीत चालू लागले की सोट खाली-वर लवू लागतात, आणि एकाने पाऊल आखडले की ते शांत होतात, हे कोकणात पावसाळे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पूल ओलांडताना सैनिकांनी कवायतीचे पाऊल तोडावे, म्हणजे एका लयीत न चालता ज्याने त्याने आपापल्या चालीने जावे, हा लष्करी नियम याच अनुभवाचे मोठे रूप आहे. ज्या दापोलीला ब्रिटिश छावणीमुळे आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, त्या मुलखातल्या कित्येक घरांतून माणसे पलटणीत गेली. त्यांच्या अंगवळणी पडलेल्या या शिस्तीची मूळ हकीकत मात्र इंग्लंडमधली आहे.

मँचेस्टरजवळ अर्वेल नदीवर ब्रॉटन येथे १८२६ साली साखळ्यांचा झुलता पूल बांधण्यात आला होता. १२ एप्रिल १८३१ रोजी ६० व्या रायफल पलटणीचे ७४ सैनिक चौघाचौघांच्या रांगांनी त्यावरून परतत होते. पावलांबरोबर पूल हलतो आहे हे जाणवताच त्यांना गंमत वाटली, काहींनी शिट्टीवर कवायतीची धून धरली आणि सर्वांची पावले आणखी नेमकी जुळली. थोड्याच वेळात एका बाजूची साखळी सुटून सुमारे ४० जण खाली कोसळले. पाणी उथळ असल्याने कोणी दगावले नाही, पण २० जण जखमी झाले. तपासात साखळी धरून ठेवणारा बोल्ट मुळातच सदोष घडवलेला आढळला. माझ्या मते या प्रसंगातली हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पावलांनी पूल हलवला असला तरी तो तुटला कच्च्या लोखंडापाशी. यानंतर ब्रिटिश सैन्यात पुलावर पाऊल तोडण्याचा हुकूम रूढ झाला.

त्यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. प्रत्येक पुलाला स्वतःची अशी एक कंपनाची गती असते. मिनिटाला १२० पावले या चालीने सेकंदाला दोन आघात होतात. ते पुलाच्या गतीशी जुळले तर प्रत्येक आघात आधीच्या हेलकाव्यात भर घालतो. यालाच अनुनाद म्हणतात. जड दगडी कमानीवर याचा परिणाम नगण्य असतो, हलक्या आणि लवचीक पुलावर तो मोठा असू शकतो.

तरीही केवळ हुकूम पुरेसा नाही, हे फ्रान्समधील आंजे येथे १६ एप्रिल १८५० रोजी दिसून आले. मेन नदीवरील झुलत्या पुलावरून एक बटालियन वादळी वाऱ्यात जात होती. पाऊल तोडण्यास सांगितलेले असूनही पूल डोलू लागल्यावर तोल सावरणाऱ्या सैनिकांची पावले नकळत त्या डोलण्याशीच जुळत गेली. पूल कोसळून २०० हून अधिक जणांचा बळी गेला. पुलाला धरून ठेवण्यासाठी टोकांशी जमिनीत पुरलेल्या तारा ओल शिरून गंजलेल्या होत्या. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला होताच आडवा डोलू लागला. तेथे तर कवायत नव्हतीच, साधे पादचारी होते. तोल सांभाळण्याच्या त्यांच्या धडपडीनेच डोलणे वाढत गेले. दोन दिवसांत बंद केलेला हा पूल कंपन शोषणारी उपकरणे बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडण्यात आला.

महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. तो या मालिकेत बसत नाही, कारण तेथे घात पुराने केला होता. ब्रॉटन आणि आंजेचा संबंध येतो तो आपल्या खाड्या-नद्यांवरच्या तारांच्या झुलत्या पुलांशी. अशा पुलाची तपासणी करताना फळ्या आणि कठडे सहज नजरेत येतात, पण खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंड आधी खचते ते तार जमिनीत शिरते त्या झाकलेल्या टोकाशी, आणि तेच उकरून पाहावे लागते.