दिवाळीआधी धुराडं तपासून घ्या
(महाबळेश्वर-पाचगणीतील फायरप्लेस असलेल्या बंगल्यांसाठी)

दिवाळीत बंगला उघडला, हौसेने फायरप्लेस पेटवली आणि अर्ध्या तासात सगळी मंडळी डोळे चोळत व्हरांड्यात आली, असे फोन आम्हाला दर वर्षी येतात. बहुतेक वेळा फायरप्लेस ठीक असते, लाकूड ओलं असतं.

इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने धुक्यात राहिलेलं सरपण वरून सुकं दिसलं तरी आतून ओलंच असतं. ताज्या तोडीच्या लाकडात तर निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उडवण्यातच आगीची ऊब जाते, धूर थंड पडतो आणि धुराड्यात डांबरासारखी चिकट काजळी धरते. ही काजळी कधीतरी पेट घेते आणि आग छपराच्या वाशांपर्यंत पोचू शकते. म्हणून सरपण जानेवारी-फेब्रुवारीत वखारीतून आणा, लगेच फोडा, मेअखेरपर्यंत उन्हा-वाऱ्यात ठेवा आणि पावसाआधी आत घ्या, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. सुकं लाकूड खणखणीत वाजतं, ओल्याचा आवाज बद्द येतो. बाभूळ उत्तम, तिचे निखारे टिकतात. प्लायवूड किंवा रंगवलेली फळी जाळू नका, त्यांचा धूर विषारी असतो. आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडू नका. २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

उघड्या फायरप्लेसची जेमतेम १०-१५ टक्के ऊब घरात राहते. बाकीची वर जाते आणि खोलीतली गरम हवाही ओढून नेते, म्हणून मागच्या खोल्या गारच राहतात. त्याच कोनाड्यात काचेच्या दाराची बंद शेगडी बसवली तर ७० टक्क्यांच्या आसपास ऊब मिळते. वर्षाकाठी आठ दिवस येणाऱ्यांना आम्ही ती घ्या म्हणत नाही. बाराही महिने राहणाऱ्यांनी जरूर घ्यावी.

पेटवण्याआधी धुराड्याची झडप पूर्ण उघडा आणि वर्तमानपत्राचा पेटता बोळा क्षणभर तिच्याखाली धरा, म्हणजे आतली थंड हवा हलते. निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप लावू नका. ऊब टिकावी म्हणून ती लावून झोपणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, बंगल्याच्या माळ्यालाही, सांगून ठेवा.

राखेत निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवा.

पाऊस उघडला की आमचे कारागीर येतात, वरून ब्रश फिरवतात, पाखरांची घरटी आणि भेगा बघतात. सामान आम्हीच झाकतो. आदल्या रात्री मात्र आग पेटवू नका, धुराडं गार लागतं.